बारा दिवसांचं पॅकेज

उम्म सलाल मोहम्मद, कतार
३ फेब्रुवारी २०१९

गार्गी,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी आपण दोघी उन्हाळा-पावसाबद्दल बोलून ठेवून देतो, म्हणून मेल लिहिते आहे. बाबांना हे माहीत नाही आणि कळूही द्यायचं नाही.

बाबांच्या उजव्या खुब्याचा सांधा गेला आहे. वर्षभर ते गाडीतून उतरताना पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवत होते. विचारलं की म्हणायचे, साइटवर फार उभं राहावं लागलं. डिसेंबरात स्टेडियमच्या कूलिंगची चाचणी चालू असताना जिन्यातच बसले, ते उठेनात. इलियासनी त्यांना घरी आणलं. इलियास म्हणजे आमचे शेजारी, राजापूरचे, बाबांच्याच कंपनीत स्टोअर सांभाळतात. इथल्या सर्जननं एक्स-रे बघून सरळ सांगितलं की सांधा बदलायचा. इजिप्तचा आहे, शांतपणे समजावून सांगतो, मला आवडला. मी म्हटलं, तारीख द्या.

तर तारीख देणं त्याच्या हातात नाही म्हणे. जानेवारीपासून बाबांच्या कंपनीनं विमा बदलला आहे. आता अपघात सोडून कुठलंही ठरवून करायचं ऑपरेशन दोह्यात केलं, तर खर्चाचा मोठा वाटा आपल्या डोक्यावर. परदेशात केलं तर सगळं विमावाले देणार. आणि परदेश म्हणजे कुठला, तर भारत. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. ज्या देशाचा पासपोर्ट आमच्या कपाटात आहे तो यांच्या लेखी परदेश, आणि तिथं पाठवायचं कारण एवढंच की तिथं माणूस स्वस्तात कापून मिळतो. हे कुणी तोंडानं म्हणत नाही. माहितीपत्रकावर एक आजी बागेत नातवाबरोबर हसते आहे.

बरं, भारतात तरी पुणं नाही, नाशिक नाही. हैदराबाद. त्यांच्या यादीतलं हॉस्पिटल तिथं आहे. जायचं विमान, ऑपरेशन, मग हॉटेलात राहून व्यायाम आणि बाराव्या दिवशी परतीचं विमान. याला ते पॅकेज म्हणतात. आपण केरळला गेलो होतो ना, त्याला म्हणायचे तसं.

बाबा खूश असल्यासारखे वागताहेत. "सगळं फुकट, आणि आपल्या माणसांत," म्हणाले. हैदराबादेत आपलं कोण आहे? खरं कारण मला ठाऊक आहे. स्टेडियमचं काम संपत आलंय तशी माणसं कमी करताहेत. जो कुरकुर करतो त्याचं नाव साहेबांना आधी आठवतं, असं त्यांच्या मनानं घेतलंय.

तू पुण्यात विमावाल्यांच्याच कामात आहेस, म्हणून तुला विचारते. तीन वर्षांपूर्वी जेवताना बाबा तुला जे बोलले, की लोकांना बरं करायला शिकलीस आणि आता नाही म्हणायचा पगार घेतेस, ते मी विसरलेले नाही. मी तेव्हा आमटी वाढत राहिले, तेही तू विसरली नसशील. पण रेसिडेन्सीच्या शेवटी तुझी काय अवस्था झाली होती ती मी बघितली होती. तू हॉस्पिटल सोडलंस याचं मला वाईट वाटलं नाही, सुटका वाटली. हे तेव्हाच बोलायला हवं होतं, पण आज माझं काम वेगळं आहे.

नवा सांधा बसवल्यावर बाराव्या दिवशी माणसानं विमानात बसावं का? डॉक्टर म्हणून सांग.

मी त्यांच्यासोबत जाणार आहे, तेव्हा बाकी काळजी करू नकोस.

आई


२४ फेब्रुवारी

गार्गी,

तुझं उत्तर लगेच आलं. चार ओळी होत्या, पण कामाच्या होत्या. बसता येईल की नाही ते जखमेवर अवलंबून, दिवसांवर नाही. निघण्याआधी जखम पूर्ण कोरडी हवी. परत आल्यावर काही बिघडलं तर कोण बघणार, ते आधी लेखी घ्या. मी ते कागदावर उतरवलं आणि शाळेला अर्धी रजा टाकून मुशैरिबला विमावाल्यांच्या ऑफिसात गेले. बाबांना बाजारात जाते म्हणून सांगितलं.

ऑफिस असं की बोलायचीच भीती वाटावी. सगळी काच, पायाखाली गालिचा, फुटबॉलची मोठमोठी चित्रं. समोर लखनौकडचा एक तरुण, फार गोड बोलणारा. त्यानं आधी पाणी मागवलं. मी विचारलं, जखम कोरडी नसेल तर मुक्काम वाढेल का? तो म्हणाला, "मॅम, आमचे पार्टनर सगळं बघतात." परत आल्यावर त्रास झाला तर? "मॅम, तसं होत नाही." झालं तर? "त्याच हॉस्पिटलला कळवायचं, व्हिडिओ कॉलची सोय आहे." मी म्हटलं, व्हिडिओवर जखम धुतात का? तो हसला. मला वाटतं त्याला खरंच तो विनोद वाटला.

लेखी काही मिळालं नाही. वर त्यानं मला ऐकवलं की सक्ती कुणावरही नाही, इथं करायचं की तिथं हा पेशंटचा स्वतःचा निर्णय असतो. निर्णय म्हणे. एका दारावर कुलूप घालायचं, दुसरं उघडं ठेवायचं आणि म्हणायचं, बघा, हा आपल्या मनानं गेला.

बाबांनी सह्या करून टाकल्या आहेत. मार्चच्या शेवटी निघायचं. मी सोबत आहेच.

आई


१८ एप्रिल

गार्गी,

मी सोबत नव्हते. सोबतीचं तिकीट साठीच्या पुढच्या पेशंटलाच, आणि बाबा अठ्ठावन्नचे. मी माझ्या खर्चानं निघाले होते. पण बाबा म्हणाले, तू आलीस तर गार्गीला कळणार आणि ती पुण्याहून धावत येणार, मला तिच्यासमोर असा पडायचं नाही. शपथ घातली. मी ऐकलं. तुला खोटं लिहिलं ते एवढ्यासाठीच की तू खरोखरच गेली असतीस.

ऑपरेशन ठीक झालं. सर्जनबद्दल बाबा चांगलंच बोलतात. पण तिसऱ्या दिवशी त्यांना हॉटेलात नेऊन ठेवलं. एक नर्स येऊन पट्टी बदलायची. पट्टी रोज ओली निघायची. बाबांनी विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं की थोडं पाणी येतंच. आणि बाबांनी मला फोनवर काय सांगावं? "झकास चाललंय, इडली फार चांगली आहे." शेवटच्या दिवशी गाडी आली आणि त्यांना विमानतळावर घेऊन गेली. निघण्यापूर्वी कुठल्याही डॉक्टरनं जखम उघडून बघितली नाही. ‘प्रवासास योग्य’ असा निरोप मात्र वेळेवर आला होता, तिकिटाबरोबर.

दोह्यात उतरले तेव्हा विमानतळावरच्या खुर्चीत त्यांची पँट मांडीपाशी भिजलेली होती. मला वाटलं पाणी सांडलं. चार-पाच दिवसांत ताप चढला. सरकारी इमर्जन्सीत नेलं, त्यांनी कुठलाही प्रश्न न विचारता दाखल करून घेतलं, सलाईन लावलं, ताप उतरवला. त्यांना मी जन्मभर शुक्रन म्हणेन. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की आत पू आहे, सांधा उघडून धुवावा लागेल, आणि जितका उशीर तितका तो सांधा वाचायची आशा कमी. आपल्या इजिप्तच्या डॉक्टरला दाखवलं, तो लगेच करायला तयार. फक्त विम्याची मंजुरी हवी.

विमावाले म्हणतात, योजनेत झालेल्या ऑपरेशनचा त्रास योजनेतच निस्तरायचा. म्हणजे हैदराबादला परत जा. डॉक्टर म्हणतात, या माणसाला विमानात बसवू देणार नाही. विमावाले म्हणतात, मग पेशंटनं योजना नाकारली असं धरावं लागेल. मी फोनवर विमावाल्यांच्या तिघांना तेच तेच सांगितलं आणि तिघांनी मला पुढच्याकडे पाठवलं. बाबा पलंगावर पडून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "नीता, भांडू नकोस, ऑफिसात कळेल."

ज्यांनी आयुष्यभर विनातक्रार काम केलं, दुसऱ्याच्या मैदानात गार वारा खेळवायला तीन उन्हाळे उघड्यावर काढले, ते तापात पडून असं म्हणतात.

तुला विमावाल्यांची भाषा येते. कुणाशी काय बोलू ते सांग.

आई


२१ एप्रिल

गार्गी,

काल मी फोन ठेवला तो कट झाला नव्हता. मी ठेवला. तुझ्या तोंडून जे ऐकलं त्यावर लिहिते.

तर दोह्याचे हे विमावाले, हैदराबादचं ते हॉस्पिटल आणि आपले बाबा, या सगळ्यांची मोट बांधणारा तो ‘पार्टनर’ म्हणजे तुमची कंपनी. प्रवासास योग्य की नाही हे पुण्यात तुमच्याच मजल्यावरून ठरतं. बाबांचा निरोप तुझ्या पलीकडच्या टेबलावरून गेला. आणि बारा दिवस ठरवले विक्रीवाल्यांनी, पण त्याखाली डॉक्टर म्हणून सही तुझी.

तू हे मला तेव्हाच का सांगितलं नाहीस? म्हणालीस, कुठल्या हॉस्पिटलात ते मी लिहिलं नव्हतं, आखाती देशांतल्या कितीतरी कंपन्यांचं काम असतं, माझ्या डोक्यात आलं नाही. मानते. तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे. पण मला हे सांग, सही करताना तुझ्या डोळ्यांसमोर कोण होतं? एखादा साठीला आलेला माणूस होता का, ज्याची पँट भिजलेली आहे आणि जो लाजेनं बोलत नाही? की नुसते बारा चौकोन होते कॅलेंडरवरचे?

तू म्हणालीस की बहुतेक पेशंट बाराव्या दिवशी ठीकच असतात. असतील. मी शाळेत शिकवते गं. बहुतेक मुलं पास होतात म्हणून मी उरलेल्यांचे पेपर न तपासता देत नाही.

मला ओरडायचं होतं आणि ओरडता आलं नाही, कारण बाबा शेजारी झोपले होते. त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुला जे बोलून त्यांनी तीन वर्षं अबोला धरला ते खरं निघालं, हे मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? आणि ते ऐकून त्यांना आनंद होणार नाही, हे तुलाही माहीत आहे.

तू शेवटी म्हणालीस, "आई, मी काहीतरी करते." कर. आज कर. बाकीचं नंतर बघू.

आई


९ मे

गार्गी,

मंजुरी आली. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी सांधा उघडून धुतला, आतला काही भाग बदलला. सांधा राहिला. शिरेतून औषध अजून पुष्कळ दिवस चालणार, नर्स घरी येते. चालताना उजवीकडे झुकतात, ते कायमचं असू शकेल असं डॉक्टर म्हणाले.

तू काय केलंस ते तुझ्याकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तू तुमच्या मेडिकल हेडच्या खोलीत जाऊन सांगितलंस की या माणसाची जखम न बघता त्याला विमानात बसवलं, तो नियम मी सही केलेला आहे, आणि हा माणूस माझा बाप आहे. त्यांनी तुला या केसपासून लांब राहायला सांगितलं, तेव्हा तू म्हणालीस की लांब राहते, पण मंजुरी जाईपर्यंत या खुर्चीतून उठत नाही. मला ते डोळ्यांसमोर दिसलं. लहानपणी दूध पिणार नाही म्हणून अशीच बसायचीस.

बाबांना सांगितलं. सगळं, सहीसकट. त्यांनी एकच विचारलं, "सही तिचीच?" मी हो म्हटलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवले मात्र.

त्यांचा तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस, माझाही गेलेला नाही. त्यात परवा त्या लखनौच्या मुलाचा फोन. खूप आनंद वाटला म्हणे सर बरे होताहेत ऐकून, तर योजनेच्या जाहिरातीसाठी दोघांचा एक फोटो मिळेल का, हसरा. मी म्हटलं, सरांची मांडी उघडून काढते, चालेल? त्यानंतर फोन आला नाही.

आणि ज्याच्या भीतीनं बाबांनी तोंड मिटून सह्या केल्या, ते झालंच. साइटवर इतके दिवस गैरहजर, काम संपत आलेलं, म्हणून जुलैपासून त्यांची गरज नाही असं एचआरनं कळवलं. रमजानमुळे ऑफिस लवकर सुटतं, त्यामुळे ती बाई घाईत होती. वर्ल्डकप अजून तीन वर्षांवर आहे. त्या मैदानात लोक गार हवेत बसून टाळ्या वाजवतील तेव्हा आम्ही नाशकात असू.

तू राजीनामा द्यायचं म्हणतेस. मी त्यावर काही बोलणार नाही. फक्त पळायचं म्हणून देऊ नकोस.

आई


२० जून

गार्गी,

काल तुझ्या टेबलावर जो फोन आला, त्याची इकडची बाजू तुला सांगायला हवी.

इलियासना हर्निया आहे. ईद झाल्यावर त्यांनाही तेच पॅकेज मिळालं, हैदराबाद, बारा दिवस. शुगर भरपूर, एकटे जाणार. त्यांची बायको रुकैया माझ्याकडे येऊन बसली. ती कधी आवाज चढवत नाही. म्हणाली, "वहिनी, मी ह्यांना एकटा नाय पाठवणार. पण ह्यांची नोकरी गेली तर?" बाबा आतल्या खोलीत ऐकत होते. वॉकर टेकत बाहेर आले आणि म्हणाले, "माझी तर गेलेलीच आहे. मी येतो बरोबर."

इलियास, बाबा आणि मी मुशैरिबला गेलो. बाहेर अशी आग की वॉकरच्या मुठी हाताला चटके देत होत्या, आणि आत स्वेटर घालावा अशी थंडी. बाबांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. तुझे बाबा, ज्यांनी हॉटेलात थंड चहा आला तरी कधी परत पाठवला नाही, ते त्या मुलाला म्हणाले की इलियासना प्रवासास योग्य जो ठरवणार त्या डॉक्टरशी मला बोलायचंय, आत्ता, आणि तोवर मी इथं उभा आहे. मुलगा यल्ला, चला सर, बसा सर, करत राहिला. बाबांचा पाय थरथरायला लागला तेव्हा तो घाबरला. पडले तर काय, असं वाटलं असेल. त्यानं पुण्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

पलीकडून तुझं आडनाव ऐकू आल्यावर त्यानं बाबांच्या कार्डाकडे बघितलं आणि विचारलं, सर, नातेवाईक का? बाबा म्हणाले, "गावावरून पडलेलं नाव आहे, पुष्कळ असतात."

मग तू ऐकलंस तेच. "डॉक्टर, मी देवव्रत चांदवडकर बोलतोय. तुमच्या बारा दिवसांतून जाऊन आलेला पेशंट. माझे शेजारी इलियास यांच्या वतीनं विचारतोय. बाराव्या दिवशी यांची जखम कोण बघणार आहे? मला त्या माणसाचं नाव हवंय."

एवढं विचारून बाबांनी वॉकर सोडून माझा दंड धरला. इतका घट्ट की आज तिथं निळं झालं आहे.

मग तू म्हणालीस, "असा कुणीही नाही. त्यांना पाठवू नका. मी तसं लेखी कळवते, माझ्या नावानं."

"थँक यू, डॉक्टर," बाबा म्हणाले आणि फोन ठेवायची खूण केली. इलियास म्हणाले, खलास, झालं का? त्यांना खरं वाटत नव्हतं. आज सकाळी त्यांना इथल्याच हॉस्पिटलची तारीख मिळाली आहे. एकट्या इलियासना. तू लिहिलंस की नियम अजून तोच आहे, आणि तुला वरच्या साहेबांचं बोलावणं आलं आहे. जा. जे काल बोललीस तेच बोल.

गाडीत उम्म सलालचा फाटा आल्यावर बाबा म्हणाले, "तिचा आवाज बसला होता. सर्दी झालीय का तिला?"

मी म्हटलं, मला काय माहीत, तुम्ही बोललात.

खिशातून फोन काढून म्हणाले, "नंबर दे. विचारतो."

आई